आईसाठी वाहन कंपन्यांच्या लाभांशाचा तक्ता : जून ते डिसेंबर २०२५ च्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

बाबांची जुनी फाईल आज कपाटातून खाली काढली. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवले आणि जमेल तसे शेअर घेतले, तेही ज्या कंपन्यांच्या गाड्या रोज डोळ्यांसमोर होत्या त्यांचेच. आज आईच्या डीमॅटमध्ये (शेअर ठेवायच्या खात्यात) बजाज ऑटोचे ६० आणि टाटा मोटर्सचे १०० शेअर आहेत. तिची एक एफडी मे महिन्यात मुदत संपून आली. त्यातले ४ लाख रुपये वाहन आणि ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांत घालावेत आणि लाभांशातून तिला वर्षाला थोडी रक्कम मिळावी, असं ठरवलं आहे. ‘दर महिन्याला येतील का गं?’ हा तिचा पहिला प्रश्न. नाही येणार. यातल्या बहुतेक कंपन्या वर्षातून एकदाच देतात आणि तेही जून ते सप्टेंबरच्या मध्ये. हे तिला आधीच सांगून ठेवलं.

काम असं : या कंपन्यांचा लाभांश, भाव आणि यील्ड (भावाच्या किती टक्के लाभांश मिळतो ते) एका शीटमध्ये मांडायचं आणि ते बघून खरेदी करायची. एका रविवारात उरकेल असं वाटतंय.

८ जून, रविवार

उरकलं नाही. साडेतीन तास नुसते आकडे जुळवण्यात गेले, कारण तीन ठिकाणी तीन यील्ड दिसत होती. बजाज ऑटोचं एका अ‍ॅपवर ०.९ टक्के, दुसऱ्यावर २.४ टक्के. आधी वाटलं, एक चूक असणार. प्रत्यक्षात दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. पहिल्याने गेल्या वर्षी खात्यात जमा झालेले ८० रुपये धरले होते. दुसऱ्याने मे अखेर जाहीर झालेले २१० रुपये धरले होते, जे अजून कुणाच्या हातात पडलेले नाहीत. हिरो मोटोकॉर्पचंही तसंच. गेल्या बारा महिन्यांत दिलेले १४० धरले तर सव्वातीन टक्के, आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे १०० अंतरिम (वर्ष संपण्याआधीच दिलेले) अधिक ६५ अंतिम असे १६५ धरले तर ३.८.

म्हणून अ‍ॅपवरची यील्ड घ्यायची नाही असं ठरवलं. भाव शीटमध्ये आपोआप येतो, तो तसाच ठेवला. लाभांश मात्र शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरच्या कंपन्यांच्या घोषणा वाचून, आर्थिक वर्षानुसार हाताने भरला.

घोषणा वाचतानाही एकदा फसले. बजाजने २,१०० टक्के लाभांश जाहीर केला, मारुतीने २,७०० टक्के. मारुतीचा जास्त असं समजून मी तिला वरच्या ओळीत टाकलं. हे टक्के दर्शनी किमतीवरचे असतात, म्हणजे शेअरच्या मूळ नोंदलेल्या किमतीवरचे, बाजारभावावरचे नव्हे. बजाजची दर्शनी किंमत १० रुपये, म्हणून २१०. मारुतीची ५ रुपये, म्हणून १३५. हिरोची तर २ रुपये आहे. टक्क्यांचा रकाना पुसून टाकला आणि फक्त रुपये ठेवले.

आजच्या भावाने चित्र असं दिसतं : हिरो ३.८ टक्के, अशोक लेलँड २.६, बजाज ऑटो २.४, आयशर १.३, मारुती १.१, टाटा मोटर्स आणि महिंद्रा ०.८ च्या आसपास. आमच्या आकुर्डीची फोर्स मोटर्स अर्धा टक्काही नाही. आईची एफडी साडेसहा-सात टक्क्यांची होती. तिला हा फरक आजच, शीट समोर ठेवून दाखवला. दर वर्षी हाती येणारी रक्कम एफडीपेक्षा कमीच असणार. मुद्दल वाढेल या भरवशावर हे करायचं आहे, आणि ते कमीही होऊ शकतं. ती म्हणाली, ‘तुझ्या बाबांनी ठेवलेत ते तर राहू दे, बाकीचं तू बघ.’

१० जून

नवीन खरेदीच्या आधी जुन्या शेअरांचे लाभांश पासबुकात शोधले. २०२३ पासून एकही नोंद नाही.

कारण सापडायला अख्खी सकाळ गेली. बाबा गेल्यावर शेअर आईच्या नावावर झाले, पण डीमॅटला जोडलेलं खातं जुन्याच बँकेतलं राहिलं. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी बदलला आणि पुढे ते खातं आम्ही बंदही करून टाकलं. लाभांश निघत होता आणि परत जात होता. हिशोब मांडला. बजाजचे २०२२-२३ चे १४० रुपयांनी ८,४००, त्यातून टीडीएस (देतानाच कापलेला कर) ८४० वजा जाऊन ७,५६०. पुढच्या वर्षीचे ८० रुपयांनी ४,८००. तेव्हा मर्यादा ५,००० ची होती म्हणून टीडीएस नाही. टाटा मोटर्सचे २०० आणि ६००. टाटाचा यंदाचा ६०० रुपयांचा लाभांशही हुकलाच, कारण त्याची रेकॉर्ड डेट (त्या दिवशी ज्यांचं नाव यादीत, त्यांनाच लाभांश) ४ जूनला होऊन गेली आणि त्या दिवशी नोंदीत जुनंच खातं होतं. सगळे मिळून १३,७६० रुपये.

आज डीमॅटमध्ये नवीन खातं जोडलं. दोन्ही कंपन्यांच्या रजिस्ट्रारना, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना, अर्ज केले : सोबत रद्द केलेला चेक, क्लायंट मास्टर लिस्ट (डीमॅट खात्याच्या तपशिलाचा कागद), आईच्या सहीचं पत्र. हे करणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. सात वर्षं लाभांश न घेतलेला राहिला तर ती रक्कम सरकारच्या आयईपीएफ निधीत जाते, आणि सलग सात वर्षं तसं झालं तर शेअरही तिकडेच जातात. मग ते परत मिळवायला वेगळा अर्ज, वेगळी कागदपत्रं. घरात कुणी वारलं असेल तर शेअर नावावर करून थांबू नका, त्याच आठवड्यात बँक खातं तपासा.

८४० रुपयांचा टीडीएस परत मिळवायला त्या वर्षीचं विवरणपत्र भरायला हवं होतं. आईचं भरलं नव्हतं, मुदत संपली. विलंब माफ करून घेण्याचा अर्ज करता येतो, पण मी ते सोडून दिलं.

२० जून, शुक्रवार

आज मोठी चूक केली.

बजाजची रेकॉर्ड डेट आज. मी सकाळी सव्वानऊलाच १० शेअर घेतले, रेकॉर्ड डेटपर्यंत घेतले की लाभांश मिळतो या समजुतीने. मिळत नाही. आज घेतलेले शेअर खात्यात पुढच्या कामकाजाच्या दिवशी येतात आणि आजच्या यादीत आपलं नाव नसतं. पूर्वी शेअर जमा व्हायला दोन दिवस लागायचे तेव्हा एक्स-डेट (ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही) रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी असायची, आणि बाबांच्या वहीत ती तारीख लाल पेनाने वेगळी लिहिलेली असे. जानेवारी २०२३ पासून सगळे व्यवहार एका दिवसात पुरे होतात, त्यामुळे दोन्ही तारखा एकच झाल्या. शेवटची संधी काल, गुरुवारी होती.

दहा शेअरांवर २,१०० रुपये गेले. एक्स-डेटला भावातून साधारण तेवढी रक्कम वजा होऊन व्यवहार सुरू होतो, म्हणून पैसा पूर्ण बुडाला असं म्हणता येत नाही. पण आईला यंदा हातात येणारी रक्कम तेवढी कमी झाली, आणि माझं काम तेच होतं. शीटमध्ये आता ‘शेवटचा खरेदीचा दिवस’ असा स्वतंत्र रकाना केला : रेकॉर्ड डेटच्या आधीचा कामकाजाचा दिवस, सुट्ट्या बघून. रेकॉर्ड डेटचा रकाना शीटच्या पार टोकाला सरकवला, म्हणजे नजर तिकडे जाणार नाही.

५ जुलै

एका वर्षाच्या लाभांशावर विसंबायचं नाही हे आज पक्कं झालं. मागची वर्षं भरायला घेतली आणि दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, पण या सगळ्या कामात याहून उपयोगी काही केलं नसेल.

बजाज : २०२०-२१ पासून सलग तीन वर्षं १४०, मग ८०, मग २१०. मध्येच ८० का? त्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, कंपनीने १०,००० रुपये भावाने ४,००० कोटींचं बायबॅक केलं, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले. भागधारकांना पैसा त्या वाटेने गेला. पाच वर्षांची सरासरी १४२ रुपये, म्हणजे आताच्या भावाने १.७ टक्के.

हिरो : १०५, ९५, १००, १४०, १६५. यातही दोन ठिकाणी विशेष लाभांश मिसळलेला आहे. २०२०-२१ मध्ये दहा कोटी गाड्या पूर्ण झाल्या म्हणून १५ रुपये, आणि २०२३-२४ मध्ये संस्थापकांच्या जन्मशताब्दीनिमित्त २५ रुपये. असे प्रसंग दर वर्षी येत नाहीत. ते वगळले तर सरासरी ११३. तरीही अडीच टक्क्यांच्या वर, आणि एकाही वर्षी खंड नाही. वाहन कंपन्यांत मला हिरोइतका नियमित लाभांश दुसरा सापडला नाही.

टाटा मोटर्स : २०१५-१६ चे २० पैसे, त्यानंतर सलग सहा वर्षं शून्य. २०२२-२३ ला २ रुपये, पुढे ६, पुन्हा ६. फाईलमध्ये ती सहा वर्षं रिकामी का होती हे आज कळलं. मला वाटायचं, बाबांनी कागद हरवले असतील.

आणि अशोक लेलँड. सात वर्षांचे आकडे एका ओळीत लिहिते : ३.१०, ०.५०, ०.६०, १.००, २.६०, ४.९५, ६.२५. ट्रकचा धंदा कसा चालतो ते या ओळीत दिसतं. माल जास्त असेल तेव्हा वाहतूकदार गाड्या घेतो; माल आटला की जुनीच गाडी आणखी दोन वर्षं ओढतो. त्यात जुलै २०१८ मध्ये सरकारने ट्रकच्या आसांवरची भारमर्यादा वाढवली, म्हणजे आहेत त्याच गाड्यांत जास्त माल मावू लागला. पुढे एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम, गाड्या महाग. आणि त्याच सुमाराला टाळेबंदी. ३ रुपये १० पैशांचे ५० पैसे झाले.

बाबांना हे शीटशिवाय कळायचं. पिंपरीच्या रस्त्यावर ट्रकच्या उघड्या चेसिस निघत. ना केबिन, ना हौदा. ड्रायव्हर फळीवर बसलेला, तोंडाला उपरणं आणि डोळ्यांना गॉगल. मी लहान असताना बाबा स्कूटर कडेला घेऊन त्या मोजायचे. आठ-दहा लागोपाठ गेल्या की म्हणायचे, ‘आपल्याला यंदा ओव्हरटाइम.’

१६ जुलै, बुधवार

सकाळी शीट उघडली आणि अशोक लेलँडची यील्ड ५ टक्के. काल अडीच होती.

दीड लाखाची ऑर्डर टाकायला घेतली होती. भाव १२५ च्या आसपास, काल अडीचशे. एका दिवसात निम्मा भाव कसा, हा विचार ऑर्डरच्या आधी यायला हवा होता, तो आकडे टाकताना आला. आज एकास एक बोनसची रेकॉर्ड डेट आहे. शेअर दुप्पट, भाव निम्मा. भाव आपोआप बदलला, आणि मी हाताने भरलेले ६.२५ जुन्या शेअरांचे तसेच राहिले. नवीन शेअरला ते ३.१२ होतात. यील्ड कालचीच, अडीच टक्के.

खात्री करायला बाबांच्या फाईलमधली दोन कागदं पुन्हा पाहिली. बजाजच्या लाभांश वॉरंटचे (लाभांशाच्या चेकसारख्या कागदाचे) डावीकडचे तुकडे, भोकांच्या रेघेवर फाडलेले, टाचणीला गंज. पहिला २०१० चा : शेअर ३०, दर ४० रुपये, रक्कम १,२००. दुसरा २०११ चा : शेअर ६०, दर ४० रुपये, रक्कम २,४००. मधल्या काळात, २०१० मध्ये, बजाजने एकास एक बोनस दिला होता. पहिल्या तुकड्यावर बाबांनी पेन्सिलने ‘बोनस धरून २०’ असं लिहून ठेवलंय. मागची वर्षं आजच्या शेअरशी तोलायची तर ४० चे २० करायला हवेत, हे त्यांनी तेव्हाच केलं होतं. त्या वर्षी कंपनीने दर तोच ठेवला, म्हणजे लाभांश खरोखर दुप्पट झाला.

आता शीटमध्ये प्रत्येक वर्षाच्या लाभांशाशेजारी एक गुणक आहे. बोनस किंवा विभाजन झालं की तो बदलायचा, मूळ आकड्याला हात लावायचा नाही. लेलँडची सातही वर्षं ०.५ ने गुणली : सरासरी १ रुपया ३६ पैसे, म्हणजे १.१ टक्का. शेवटच्या वर्षाचे अडीच टक्के आणि सरासरीचा हा १.१, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवले. खरेदी आज थांबवली.

२२ जुलै

हिरोचे २५ शेअर ४,४०० च्या आसपास घेतले, रेकॉर्ड डेटच्या आधी. खर्च लिहून ठेवते : एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ११० रुपये, मुद्रांक शुल्क साधारण १६ रुपये, शिवाय ब्रोकरची दलाली. अंतिम लाभांश ६५ रुपयांनी १,६२५. खर्च वजा केला तरी बरा.

१० ऑगस्ट, रविवार

बजाजचा लाभांश नवीन खात्यात जमा. ६० शेअरांचे १२,६०० यायला हवे होते, आले ११,३४०. टीडीएसची मर्यादा या एप्रिलपासून एका कंपनीमागे वर्षाला १०,००० झाली आहे आणि आपण तिच्या वर गेलो. आईचं वय ६८, एकूण उत्पन्नावर कर शून्य, म्हणून १५एच (कर कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा अर्ज) भरून दिला होता. तरी कापला. रजिस्ट्रारच्या पोर्टलवर पाहिलं तर अर्ज नाकारलेला : मी आर्थिक वर्ष २०२४-२५ लिहिलं होतं. लाभांश त्या वर्षाच्या नफ्याचा असला तरी मिळतो २०२५-२६ मध्ये, आणि कर मिळण्याच्या वर्षाचा. १,२६० रुपये आता विवरणपत्रातूनच परत येतील. या वेळी ते भरायचं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

अडकलेल्यांपैकी बजाजचे ७,५६० आणि ४,८०० गेल्या आठवड्यात आले, अर्जापासून जवळपास आठ आठवड्यांनी. टाटाचे १,४०० अजून यायचे आहेत.

आईने पासबुक भरून आणलं आणि तिन्ही रकमांखाली स्वतः पेन्सिलने रेघ मारली.

२९ ऑगस्ट

अशोक लेलँडचे ६०० शेअर १२२ च्या आसपास घेतले, सुमारे ७३,००० रुपयांचे. दीड लाखाऐवजी निम्मे. लाभांशाचा अंदाज धरताना ३.१२ नव्हे, १.३६ धरला. चार-पाच चांगल्या वर्षांनंतर एखादं ५० पैशांचं वर्ष येणार, हे धरूनच घेतले.

२७ सप्टेंबर

या महिन्यात जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला : छोट्या मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्या, ट्रकही. २२ सप्टेंबरपासून लागू. भाव त्याआधीच वर गेले होते. हिरो ५,३०० च्या पुढे, आणि शीटवर तिची यील्ड ३.८ वरून ३.१. मारुती तर १ टक्क्याच्याही खाली. आईने विचारलं, ‘कमी झालं म्हणजे तोटा झाला का गं?’ तिच्यासाठी आणखी एक रकाना घातला : आपण ज्या भावाने घेतले त्यावरचा लाभांश. तिथे हिरो ३.७५ वरच आहे. नवीन घेणाऱ्याला कमी, आपल्याला तेवढंच. ज्यांच्या घरी शीट दुसरं कुणी बघणार असेल त्यांनी हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

आज उरलेल्या पैशांचं ठरवलं. ४ लाखांतले साधारण २ लाख ६८ हजार लागले. बाकीचे पुन्हा एफडीत. यापेक्षा जास्त आईच्या वयाला या एका धंद्यावर टाकणं मला पटत नाही.

१४ ऑक्टोबर

टाटा मोटर्सची फाळणी झाली. आज रेकॉर्ड डेट. एका शेअरमागे ट्रक-बसच्या कंपनीचा एक नवीन शेअर मिळणार. काल ६६० च्या घरात असलेला भाव आज ४०० वर उघडला. शीटने लगेच यील्ड दीड टक्का दाखवली. जुलैमध्ये शिकले होते म्हणून या वेळी हात थांबला. पण इथे गुणक चालत नाही. बोनसमध्ये तोच धंदा जास्त तुकड्यांत वाटला जातो. इथे धंदाच दोन झाले. ६ रुपये दोघांनी मिळून कमावले होते, त्यातले मोटारींचे किती आणि ट्रकचे किती हे विभागायला माझ्याकडे काही आधार नाही. जुनी ओळ गोठवली, ‘इतिहास इथे संपला’ असा शेरा मारला आणि दोन नवीन ओळी रिकाम्या सुरू केल्या. मोटारींची कंपनी आता टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स, आणि टाटा मोटर्स हे मूळ नाव ट्रकच्या कंपनीकडे जातंय. शेअर बाजारातलं चिन्ह (कंपनीचं छोटं नाव) बदललं की शीटमध्ये भाव येणं बंद होईल, तेव्हा तेही हाताने करावं लागेल.

१२ नोव्हेंबर

ट्रकच्या कंपनीचे शेअर आज बाजारात दाखल झाले. आईच्या खात्यात १०० दिसतात. त्या ओळीत भाव भरला, लाभांशाचा रकाना रिकामा ठेवला. शून्यही लिहिलं नाही, कारण सरासरी काढताना शून्य मोजलं जातं.

आजच अशोक लेलँडने शेअरमागे १ रुपया अंतरिम लाभांश जाहीर केला. गेल्या नोव्हेंबरात २ रुपये होता. शीटवर आधी घसरण दिसली, गुणक लावल्यावर दोन्ही सारखे निघाले.

टाटाचे अडकलेले १,४०० रुपये परवा आले. पहिला अर्ज सहीत फरक आहे म्हणून परत आला होता. आईची सही आता थरथरते. बँकेकडून सही प्रमाणित करून घेऊन पुन्हा पाठवला, त्यात पाच आठवडे गेले.

१४ डिसेंबर, रविवार

अशोक लेलँडचे ६०० रुपये जमा. आईने बाबांची वही काढून पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं : ‘लेलँड, ६०० शेअर, दर १, रक्कम ६००.’ मग मला विचारून शेजारी पेन्सिलने ‘बोनस नंतरचा’ असं लिहिलं. पुढची नोंद फेब्रुवारीत, हिरोने अंतरिम दिला तर.